डायल-अपची कामगिरी कशी तपासायची? मोडेम, लाइन आणि अ‍ॅक्सेस सर्व्हर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायल-अप म्हणजे टेलिफोन लाइनवरून, मोडेमच्या मदतीने घेतलेलं इंटरनेट. मोडेमच्या खोक्यावर ५६के (सेकंदाला ५६ हजार बिट) लिहिलेलं असतं, विंडोज ११५२०० दाखवतं आणि फाइल उतरते सेकंदाला चार-पाच हजार बाइटने. यातला कुठला आकडा धरायचा, हे मला लोक आजही विचारतात. कुणी जुना संगणक पुन्हा चालू करत असतं, तर कुणाकडे दूरच्या पंपघरात एखादा मोडेम अजून काम करत असतो. माझी बरीच वर्षं एका छोट्या आयएसपीच्या (इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या) मोडेमच्या खोलीत गेली. तिथे रोज जे पाहिलं त्यावरून ही उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न: दोन मोडेमची तुलना करताना नेमकं काय मोजायचं?

चार गोष्टी मोजायच्या, आणि त्याही याच क्रमाने. डायल केल्यावर किती वेळा जोडणी होते? झालेली जोडणी आपण तोडेपर्यंत टिकते का? टिकलेल्या जोडणीवर सेकंदाला खरोखर किती बाइट येतात? आणि छोटं पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो?

कनेक्ट स्पीड या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. तो फक्त पहिल्या क्षणी दोन मोडेमनी ठरवलेला वेग असतो. समजा, एक मोडेम ५०६६७ ला जोडला गेला, पण लाइनला तो वेग पेलत नाही आणि दर दोन मिनिटांनी १२ सेकंदांचं रिट्रेन होतं, म्हणजे दोन्ही मोडेम थांबून लाइन नव्याने जुळवून घेतात. रिट्रेन चालू असताना एकही बाइट जात नाही. म्हणजे वेळेचा सुमारे ९ टक्के भाग फुकट गेला आणि सरासरी ४६ हजारांवर आली. शेजारी दुसरा मोडेम शांतपणे ४६६६७ ला जोडला जातो आणि तासभर हलत नाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. प्रत्यक्षात पहिला खूप त्रास देतो, कारण प्रत्येक थांब्यावर टीसीपीला (पॅकेट पोचलं की नाही हे बघणाऱ्या नियमावलीला) वाटतं की पॅकेट हरवलं. मग ते पुन्हा पाठवलं जातं, वाट पाहण्याचा वेळ दुप्पट होतो, आणि रिट्रेन संपल्यावरही पान काही सेकंद अडकलेलंच राहतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: टिकणारा मोडेम हाच चांगला मोडेम. वेग त्याच्यानंतर बघायचा.

प्रश्न: विंडोजमध्ये ‘११५२०० बीपीएस’ दिसतं. एवढा वेग खरंच मिळतो का?

नाही. तो संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या सीरियल पोर्टचा वेग आहे, टेलिफोन लाइनचा त्यात काही संबंध नाही. जोडणी झाल्यावर कुठला आकडा सांगायचा हे मोडेमच्या सेटिंगवर ठरतं. रॉकवेलच्या चिपवर इनिशियलायझेशन स्ट्रिंगमध्ये (मोडेमला सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या आदेशांत) डब्ल्यू२ घातलं की तो लाइनचा वेग सांगू लागतो. पोर्टचा वेग मात्र ११५२०० वरच ठेवा. मोडेम लाइनवरून आलेला दाबलेला डेटा उलगडून संगणकाला देतो, त्यामुळे पोर्ट लाइनपेक्षा बराच जलद असावा लागतो.

प्रश्न: ५६के मोडेम ५६ ला का जोडला जात नाही?

आधी जुन्या मोडेमची ३३.६ केबीपीएसची (सेकंदाला हजार बिट) मर्यादा कुठून आली ते पाहू. टेलिफोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेते. एक्सचेंजमध्ये हा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मापाला ८ बिट दिले जातात. असे ६४ केबीपीएस तयार होतात. या मोजणीत आवाजाची पातळी जवळच्या पायरीवर बसवली जाते, त्यामुळे थोडी चूक कायमची शिरते. ही चूक म्हणजेच गोंगाट. त्या गोंगाटातून व्ही.३४ पद्धतीने ३३.६ केबीपीएसपर्यंत जाता येतं आणि तिथे जवळपास मर्यादा संपते.

५६के मोडेम ज्या व्ही.९० पद्धतीने चालतो तिची युक्ती अशी की आयएसपीची बाजू मुळात डिजिटल असते. आयएसपीचा सर्व्हर एक्सचेंजला ई१ या डिजिटल लाइनने जोडलेला असतो, म्हणजे आयएसपीकडून ग्राहकाकडे जाताना आवाजाचं डिजिटलमध्ये रूपांतर होतच नाही. सर्व्हर थेट ८ बिटांचे संकेत पाठवतो. ग्राहकाच्या एक्सचेंजमध्ये त्यांचं एकदाच व्होल्टेजमध्ये रूपांतर होतं आणि घरचा मोडेम त्या पातळ्या ओळखतो. शून्याजवळच्या पातळ्या एकमेकींना इतक्या लागून असतात की त्या वेगळ्या काढता येत नाहीत. त्यामुळे ८ ऐवजी जास्तीत जास्त ७ बिट धरायचे. ८००० गुणिले ७ म्हणजे ५६०००.

हा आकडा फक्त उतरत्या दिशेचा, म्हणजे आयएसपीकडून ग्राहकाकडे येण्याचा आहे. ग्राहकाकडून वर जाताना व्ही.९० मध्ये ३३.६ च राहतात. अमेरिकेत तर लाइनवर किती शक्तीचा संकेत सोडायचा याच्या नियमामुळे ५३.३ च्या वर जायला परवानगीच नव्हती. आपल्याकडे शहरातल्या चांगल्या, एक्सचेंजजवळच्या लाइनवर ४४ ते ५० हजार मिळाले तर मोडेमने आपलं काम चोख केलं असं समजायचं.

प्रश्न: ४४०००, ४५३३३, ४६६६७ असे विचित्र आकडे का दिसतात?

व्ही.९० मध्ये वेगाची प्रत्येक पायरी ८००० भागिले ६, म्हणजे १३३३ बिटांची आहे. २८००० पासून ५६००० पर्यंत याच पायऱ्या चढत जातात. याचा व्यावहारिक उपयोग असा की ३१२०० किंवा ३३६०० दिसलं, तर लगेच ओळखावं: जोडणी व्ही.९० मध्ये झालीच नाही, मोडेम व्ही.३४ वर उतरला आहे.

प्रश्न: माझा ५६के मोडेम कधीच ३३.६ च्या वर जात नाही. मोडेम बदलू का?

थांबा. बहुतेक वेळा दोष मोडेमचा नसतो. आयएसपी आणि तुमचं घर यांच्यामध्ये आवाजाचं डिजिटलमध्ये आणि परत असं रूपांतर एकापेक्षा जास्त वेळा होत असेल, तर जगातला कुठलाही मोडेम व्ही.९० वर जाणार नाही. याची कारणं बरीच आहेत. तुमच्या तांब्याच्या जोडीवर पेअर गेन बसवून दोन ग्राहक चालवले असतील. तुमचं एक्सचेंज पुढच्या एक्सचेंजला अजून अ‍ॅनालॉग जंक्शनने जोडलेलं असेल. ऑफिसच्या ईपीएबीएक्समधून (खासगी छोट्या एक्सचेंजमधून) लाइन येत असेल. किंवा आयएसपीनेच साध्या टेलिफोन लाइनींवर एक्स्टर्नल मोडेमची रॅक लावलेली असेल. १९९०च्या दशकात छोट्या सेवादारांकडे अशा रॅक सर्रास असायच्या, आणि तिथे ग्राहकाने कितीही महागडा मोडेम आणला तरी छत ३३.६ चंच होतं.

तपासायची सोपी रीत: तोच मोडेम त्याच आयएसपीला दुसऱ्या एक्सचेंजच्या भागातून लावून पाहा. तिथे ४४ हजार आले तर तुमची लाइन दोषी, तिथेही ३३.६ आले तर आयएसपी किंवा मोडेम.

यूएस रोबोटिक्सचा मोडेम असेल तर कॉल संपल्यावर त्याला एटीवाय११ हा आदेश द्या. १५० पासून ३७५० हर्ट्झपर्यंत दर १५० हर्ट्झला लाइनने किती पातळीचा संकेत नेला याचा तक्ता समोर येतो. व्ही.३४ ची जोडणी सुरू होताना मोडेम याच सुरांनी लाइन चाचपून पाहतो. तक्त्याच्या शेवटच्या ओळींवर नजर ठेवा. ३००० नंतर आकडे सावकाश उतरत असतील तर लाइन बरी. एकदम कड्यावरून पडल्यासारखे कोसळत असतील तर मध्ये कुठेतरी फिल्टर किंवा जास्तीचं रूपांतर आहे. लाइनमनशी वाद घालण्यापेक्षा हा छापील तक्ता त्याच्या हातात देणं मला नेहमी जास्त उपयोगी पडलं.

प्रश्न: वायरलेस लँडलाइनवर मोडेम का चालत नाही?

रेडिओवर पाठवताना आवाज दाबला जातो, काही यंत्रणांत ३२ केबीपीएस एडीपीसीएम या पद्धतीने. माणसाच्या आवाजाला ते पुरतं, पण ४८०० च्या वरचा मोडेमचा संकेत त्यातून नीट जात नाही. एडीपीसीएमच्या जी.७२६ या मानकात मोडेमसाठी ४० केबीपीएसचा वेगळा दर ठेवावा लागला तो याचमुळे. आपल्या देशात यावर एक सुंदर उत्तर निघालं होतं. आयआयटी मद्रास आणि मिडास यांच्या कॉरडेक्ट यंत्रणेत इंटरनेटसाठी मोडेम लागतच नसे. भिंतीवरच्या संचातून थेट डिजिटल जोडणी मिळायची, फोनवर बोलणं चालू असताना ३५ केबीपीएस आणि फोन मोकळा असताना ७०. त्या काळच्या गावासाठी ही फार मोठी गोष्ट होती, आणि तिचं व्हायला हवं होतं तेवढं कौतुक झालं नाही असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: ‘एक्स२’ आणि ‘के५६फ्लेक्स’ लिहिलेले मोडेम आज घ्यावेत का?

त्यांना व्ही.९० चं फर्मवेअर (मोडेमच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवता येत असेल तरच. एक्स२ यूएस रोबोटिक्सचं आणि के५६फ्लेक्स रॉकवेल व लुसेंट यांचं. दोघांचं एकमेकांशी जमत नसे, चुकीची जोडी पडली की वेग सरळ ३३.६ वर यायचा. १९९८ च्या फेब्रुवारीत व्ही.९० वर एकमत झालं, सप्टेंबरात त्यावर शिक्का बसला आणि भांडण मिटलं.

प्रश्न: आणि व्ही.९२?

२००० साली आलं. चढती दिशा ४८ केबीपीएसपर्यंत, जलद जोडणी, आणि कॉल आल्यावर इंटरनेट थांबवून फोन घेण्याची सोय. सोबत व्ही.४४ ही नवी कॉम्प्रेशन पद्धत. हे सगळं आयएसपीच्या सर्व्हरलाही यावं लागतं. सर्व्हर जुना असेल तर व्ही.९२ मोडेम हा निव्वळ व्ही.९० मोडेम आहे.

प्रश्न: इंटर्नल विनमोडेम घ्यावा की एक्स्टर्नल?

सगळे इंटर्नल मोडेम एका माळेचे मणी नाहीत, म्हणून आधी प्रकार ओळखा.

पूर्ण मोडेममध्ये सिग्नलचं काम करणारा डीएसपी आणि आदेश समजणारा कंट्रोलर दोन्ही असतात. एक्स्टर्नल सीरियल मोडेम बहुतेक असेच. लुसेंटचा एलटी विनमोडेम किंवा कोनेक्संटचा एचसीएफ यांच्यात डीएसपी कार्डावर असतो, पण कंट्रोलरचं काम संगणक करतो. तिसरा प्रकार म्हणजे पीसीटेल, मोटोरोलाचा एसएम५६, कोनेक्संटचा एचएसएफ. यांच्यात लाइनचं सगळं गणित संगणकाच्या प्रोसेसरवर पडतं.

तिसऱ्या प्रकाराची परीक्षा घ्यायची तर मोडेम नुसता जोडून बघू नका. मोठी फाइल उतरवत असताना दुसरीकडे मोठं झिप उलगडा, किंवा एखादं जड पान छपाईला द्या. जुन्या पेंटियमवर अशा वेळी रिट्रेन सुरू होतात, कधी लाइनच सुटते. डीएसपी असलेल्या कार्डाला असल्या जादा कामाने सहसा काही होत नाही. लिनक्सवर तर फरक आणखी ठळक: एक्स्टर्नल सीरियल मोडेम लगेच चालतो, विनमोडेमला ड्रायव्हर मिळेलच असं नाही.

पण एलटी विनमोडेमबद्दल उगाच वाईट बोलू नये. खरखरीच्या लाइनवर त्याने मी पाहिलेल्या कितीतरी महागड्या मोडेमपेक्षा चिवट काम केलं आहे.

प्रश्न: एक्स्टर्नल मोडेम जुन्या संगणकाला लावला तर मध्येच अक्षरं गळतात. मोडेम खराब आहे का?

सीरियल पोर्टची चिप बघा. ८२५० किंवा १६४५० असेल तर तिच्यात एकाच बाइटची जागा असते. ११५२०० वर दर ८७ मायक्रोसेकंदांना नवा बाइट येतो आणि तेवढ्यात प्रोसेसरने आधीचा उचलला नाही तर तो गेलाच. १६५५०ए मध्ये १६ बाइटची रांग असते, म्हणजे जवळपास दीड मिलिसेकंदाची उसंत. कार्ड बदलता येत नसेल तर पोर्टचा वेग ३८४०० करा आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू आहे ना ते पाहा.

प्रश्न: खरा वेग मोजायला कुठली फाइल वापरावी?

आधीच दाबलेली: झिप किंवा जेपीईजी. साध्या मजकुराची फाइल वापरली तर मोडेममधलं व्ही.४२बिस कॉम्प्रेशन कामाला लागतं आणि आकडा फुगतो. कॉम्प्रेशन किती चांगलं आहे हेच मोजायचं असेल तर मजकुराची फाइल घ्या, पण दोन्ही निकाल वेगळे ठेवा.

अपेक्षा किती ठेवावी याचा हिशेब असा. व्ही.४२ (मोडेममधली चूक-दुरुस्ती) चालू असताना लाइनवर स्टार्ट आणि स्टॉप बिट जात नाहीत, त्यामुळे १० ने नाही, ८ ने भागायचं. ४४००० भागिले ८ म्हणजे ५५०० बाइट. त्यातून व्ही.४२ च्या चौकटी, पीपीपी आणि टीसीपी/आयपीचे मथळे वजा जाता सेकंदाला ५००० च्या थोडं वर. १ एमबीची फाइल साडेतीन मिनिटांच्या आत-बाहेर उतरायला हवी. ३३६०० वर तीच फाइल साधारण साडेचार मिनिटं घेईल. याहून बराच जास्त वेळ लागला तर मोडेमने वाटेत वेग उतरवला आहे किंवा चौकटी पुन्हापुन्हा पाठवल्या जात आहेत.

फाइल आयएसपीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून घ्या. बाहेरच्या साइटवरून घेतली तर तुम्ही आयएसपीची बाहेरची लिंक मोजता, मोडेम नाही. चाचणी वेगवेगळ्या वेळी करा आणि दोन मोडेम एकाच लाइनवर आलटून पालटून लावा. सकाळी एक आणि रात्री दुसरा अशी तुलना काहीच सांगत नाही.

उतरवून झाल्यावर मोडेमलाच विचारा. यूएस रोबोटिक्सला एटीआय६ दिलं की रिट्रेन किती मागितले, किती दिले, चुकलेले ब्लॉक किती, याची यादी येते. रॉकवेल-कोनेक्संटला एटी&व्ही१ दिलं की शेवटचा वेग, सर्वांत जास्त वेग आणि जोडणी तुटल्याचं कारण कळतं. सर्वांत जास्त आणि शेवटचा यात मोठी तफावत असेल तर समजा, सुरुवातीचा वेग उसना होता.

प्रश्न: पिंग इतका जास्त का येतो? गेम खेळताना फार जाणवतं.

पिंग म्हणजे छोटं पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ. पहिल्याच टप्प्याला १०० ते २०० मिलिसेकंद ही डायल-अपची नेहमीची गोष्ट आहे. ६० बाइटचं छोटं पॅकेट ३३६०० वर जायला स्वतः १४ मिलिसेकंदच लागतात. बाकीचा वेळ मोडेमच्या आतल्या गणितात, चूक-दुरुस्तीत आणि रांगेत जातो. पण त्याच लाइनवर दुसरं कुणी मोठं पॅकेट पाठवत असेल तर १५०० बाइटच्या एका पॅकेटमागे तुम्हाला ३५७ मिलिसेकंद थांबावं लागतं. गेमसाठी एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ५७६ केला तर ही वाट बरीच कमी होते. फाइल उतरवायला मात्र १५००च बरा.

प्रश्न: परदेशातून आणलेला मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणतो. लाइन तर चालू आहे.

आपला डायल टोन ४०० हर्ट्झचा आणि २५ हर्ट्झने हेलकावणारा असतो. अमेरिकी मोडेम त्यांच्या स्वतःच्या सुराची वाट पाहत बसतो. एटीएक्स३ द्या, म्हणजे तो टोनची वाट न पाहता डायल करेल. जुन्या एक्सचेंजवर टोन डायलिंगच नसायचं, तिथे पल्स डायलिंगचा एटीडीपी.

प्रश्न: पावसाळ्यात वेग का पडतो?

केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरतं. दोन तारांमधलं इन्सुलेशन कमजोर होतं, शेजारच्या जोडीचा आवाज आत येतो, फोनवर खरखर ऐकू येते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे ठरलेलंच असायचं. तुलना करणाऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच की मे महिन्यातला निकाल जुलैच्या निकालाशेजारी ठेवू नका.

तक्रार करण्याआधी घरातली वायर बघा. रोझेटवरून (भिंतीवरच्या फोनच्या डबीवरून) सगळ्या समांतर जोडण्या काढा, मोडेम एकटा थेट लावा आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या खोलीतल्या फोनसाठी ओढलेली लांब साधी वायर हे मी पाहिलेलं सगळ्यात सामान्य कारण आहे. आणि वीज कडाडत असेल तेव्हा मोडेमची तार काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून काही होत नाही, कारण वीज टेलिफोनच्या तारेनेच येते.

प्रश्न: मध्येच कॉल तुटतो. वाट पाहण्याचं काही सेटिंग आहे का?

एस१० रजिस्टर. कॅरियर (पलीकडच्या मोडेमचा संकेत) गेल्यावर मोडेमने किती वेळ धीर धरायचा हे त्यात सेकंदाच्या दहाव्या भागात असतं. ५० ठेवलं तर ५ सेकंद. कॉल वेटिंगच्या टिकटिकीने तुटणाऱ्या जोडण्या बहुधा एवढ्याने थांबतात.

प्रश्न: प्रयोगशाळेत मोडेमची तुलना कशी करतात?

खऱ्या लाइनवर दोन चाचण्या कधीच तंतोतंत सारख्या होत नाहीत. म्हणून लाइन सिम्युलेटर वापरतात. हा संच तारेची लांबी, पातळीतली घट, प्रतिध्वनी, गोंगाट, डिजिटल बाजूचे दोष हे सगळं ठरवून निर्माण करतो. कुठले दोष किती घालायचे याची मानकं आहेत: आयटीयूचं व्ही.५६बिस आणि अमेरिकेचं टीएसबी-३७ए.

या मानकांतली मला सर्वांत पटलेली कल्पना म्हणजे नेटवर्क मॉडेल कव्हरेज. ठरलेल्या लाइन आणि ठरलेले दोष यांच्या जोड्या करतात. प्रत्येक जोडी खऱ्या जाळ्यात किती वेळा आढळते याचं वजन तिला देतात. मग प्रत्येक जोडीवर थ्रूपुट (प्रत्यक्ष मिळालेला वेग) मोजून आलेख काढतात: जाळ्याच्या किती टक्के भागात या मोडेमने किमान इतका वेग दिला. दोन मोडेमच्या रेषा शेजारी ठेवल्या की चित्र उघड होतं. डाव्या टोकाला, चांगल्या लाइनींवर, सगळेच मोडेम एकमेकांना चिकटलेले असतात. जाहिराती याच टोकाच्या असतात. खरा फरक उजव्या टोकाला, वाईट लाइनींवर दिसतो. एकाची रेषा हळूहळू उतरते, दुसऱ्याची अचानक शून्यावर जाते. तालुक्याच्या गावी बसलेल्या ग्राहकासाठी आलेखाचा फक्त तोच भाग महत्त्वाचा.

प्रश्न: आयएसपीने दोन अ‍ॅक्सेस सर्व्हरची तुलना कशी करावी?

अ‍ॅक्सेस सर्व्हर म्हणजे ग्राहकांचे डायल-अप कॉल घेणारा आयएसपीचा संच: सिस्कोचा एएस५३००, असेंडचा मॅक्स, लिव्हिंग्स्टनचा पोर्टमास्टर ३, यूएस रोबोटिक्सचा टोटल कंट्रोल. या सगळ्यांच्या माहितीपत्रकात पोर्ट किती आणि मानकं कुठली हेच असतं. ग्राहकांच्या नाना तऱ्हेच्या मोडेमशी त्यांचं कसं जमतं हे त्यात नसतं, आणि खरी परीक्षा तीच असते. तुमचे ग्राहक कुठले मोडेम वापरतात त्यावर निकाल पालटतो, म्हणून दुसऱ्या शहरातल्या आयएसपीचा अनुभव जसाच्या तसा घेऊ नका.

दोन्ही सर्व्हर एकाच हंट ग्रुपमागे (एका क्रमांकावरचे कॉल अनेक लाइनींवर वाटणारी सोय) लावा आणि कॉल दोघांत आळीपाळीने वाटले जातील असं एक्सचेंजकडून करून घ्या. एकापाठोपाठ भरणारा ग्रुप असेल तर पहिल्या सर्व्हरला दिवसभराचे कॉल आणि दुसऱ्याला फक्त गर्दीच्या वेळेचे मिळतील. ती तुलना खोटी.

मग रेडियसच्या (पासवर्ड तपासून कॉलची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदी वाचा. सेशन टाइम, टर्मिनेट कॉज आणि कनेक्ट इन्फो ही तीन खाती पुरेशी आहेत. टर्मिनेट कॉज १ म्हणजे ग्राहकाने स्वतः तोडलं, २ म्हणजे कॅरियर गेला. कॅरियर गेलेल्या कॉलचं प्रमाण दोन्ही सर्व्हरवर किती ते पाहा. पण यावरच थांबू नका, कारण काही जण सरळ मोडेमचा स्विच बंद करतात आणि तेही २ मध्येच मोजलं जातं. त्याहून बोलकी खूण म्हणजे तोच ग्राहक दोन मिनिटांच्या आत पुन्हा डायल करतो का. स्वतःहून उठलेला माणूस लगेच परत येत नाही.

एक गोष्ट अजिबात करू नका: एकूण बाइट भागिले सेशन टाइम करून त्याला वेग म्हणू नका. माणूस पान उघडून वाचत बसतो तेव्हा लाइन रिकामी असते. त्या भागाकारातून ग्राहकाची वाचायची सवय कळते, मोडेमबद्दल काही नाही. कनेक्ट स्पीडचीही सरासरी काढू नका. तळातले दहा टक्के कॉल कुठल्या वेगाने जोडले गेले ते पाहा आणि कॉल करणाऱ्याच्या क्रमांकावरून ते कुठल्या एक्सचेंजचे आहेत ते लावा. तक्रारी कुठून येणार हे फोन वाजण्याआधी समजतं.

प्रश्न: सर्व्हर ठीक दिसतो, पण संध्याकाळी खूप ग्राहक ‘जोडणी होत नाही’ म्हणतात. का?

एखादा मोडेम आतून बिघडलेला असू शकतो. तो फोन उचलतो, सूर काढतो, जोडणी करत नाही आणि अर्ध्या मिनिटात मोकळा होतो. बाकीचे सगळे तासतासभर गुंतलेले असतात. त्यामुळे नवा कॉल आला की मोकळा सापडतो तो हाच. गर्दी जितकी जास्त तितके जास्त कॉल हा एकटा गिळतो. पहाटे तपासलं तर बाकीचे मोडेम मोकळे असतात आणि दोष दिसत नाही.

शोधायचा असेल तर प्रत्येक पोर्टवरच्या कॉलची संख्या मोजा. शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त कॉल आणि प्रत्येक कॉल काही सेकंदांचा असा पोर्ट दिसला की तो ताबडतोब बंद करा. रेडियसमध्ये हे दिसत नाही, कारण गोष्ट पासवर्डपर्यंत पोचतच नाही. सर्व्हरच्या स्वतःच्या मोडेम नोंदीच बघाव्या लागतात.

प्रश्न: एका ई१ वर किती ग्राहक घ्यावेत?

ई१ मध्ये ३२ खाचा असतात: एक मेळ राखायला, एक सिग्नलिंगला, उरलेल्या ३० कॉलना. गर्दीच्या तासात शंभरातला एकच कॉल एंगेज मिळावा असं ठरवलं तर अर्लांग बी सूत्राने ३० लाइनींवर सुमारे २० अर्लांग चालतात (एक अर्लांग म्हणजे एक लाइन तासभर सतत गुंतलेली). कॉल सरासरी अर्ध्या तासाचा धरला तर तासाला ४० कॉल. दोन ई१ एकाच ग्रुपमध्ये ठेवले तर ६० लाइनींवर जवळपास ४७ अर्लांग मिळतात, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. म्हणून वेगवेगळ्या ग्राहकांसाठी वेगवेगळे क्रमांक देऊन ग्रुप फोडू नयेत.

प्रश्न: आता कुठलाच डायल-अप आयएसपी चालू नाही ना?

जगात काही ठिकाणी अजून आहेत. पण एओएलने ३० सप्टेंबर २०२५ ला आपली डायल-अप सेवा थांबवली. आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत ज्या मार्गाने इंटरनेट लोकांना दिलं, त्या मार्गाची तांब्याची तारच आता बऱ्याच भागांत निघून तिथे फायबर आलं आहे.

प्रश्न: मग जुना मोडेम घरी तपासायचा कसा?

छोटा ईपीएबीएक्स किंवा दोन फोन पोर्टचा व्हीओआयपी अडॅप्टर घ्या. एका पोर्टला तपासायचा मोडेम, दुसऱ्याला उत्तर देणारा. दोन्ही टोकं अ‍ॅनालॉग असल्यामुळे ३३.६ च्या वर जाता येणार नाही. व्ही.९० ला एका बाजूला डिजिटल सर्व्हर लागतोच.

अडॅप्टरवर कोडेक जी.७११ ए-लॉ ठेवा, शांतता दाबण्याची सोय बंद करा, जिटर बफर स्थिर ठेवा आणि इको कॅन्सलर बंद करा. मोडेम उत्तर देताना २१०० हर्ट्झचा जो सूर काढतो, त्यात मुद्दाम फेज उलटवलेला असतो. जाळ्यातल्या इको कॅन्सलरना गप्प करण्यासाठीच तो असतो. पण स्वस्त अडॅप्टर तो ओळखतीलच असं नाही, म्हणून हाताने बंद केलेलं बरं. अडॅप्टरमधून जाताना एखादं आयपी पॅकेट हरवलं तरी मोडेमच्या दृष्टीने लाइन क्षणभर मेली, म्हणजे रिट्रेन.

पंपघरातल्या किंवा मीटरवरच्या मोडेमला फायबरच्या फोन पोर्टवर न्यायचं असेल तर पहिल्या दिवशी ३३.६ च्या मागे लागू नका. एटी+एमएस आदेशाने त्याला ९६०० वर बांधा, आठवडाभर चालू द्या, रोज एटी&व्ही१ ची नोंद ठेवा. एकही रिट्रेन दिसला नाही तर १४४०० करा आणि पुन्हा आठवडाभर पाहा. मीटरचं वाचन काही किलोबाइटचं असतं, त्याला ९६०० भरपूर होतात.